शिवणकाम आणि फॅशन डिझाइनची परिभाषा: नवशिक्यांनी शब्द कोणत्या क्रमाने शिकावेत

"गळ्याला स्टे-स्टिच मार, खांदे जोडून ओव्हरलॉक कर, मग फेसिंग लावून अंडरस्टिच दे." शिवणकाम शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात असं वाक्य कानावर पडतं. यातलं एकही काम अवघड नाही. पण चार शब्द अनोळखी असले की हात थांबतात, आणि नेमकं काय अडलंय हे विचारायचं कसं, तेही सुचत नाही. मग बरेच जण शब्दांची लांबलचक यादी शोधून ती पाठ करायला बसतात. आठवडाभर पाठांतर होतं, आणि तरी अंडरस्टिच आणि टॉपस्टिच यांत फरक काय, हे सांगता येत नाही.

मीही याच वाटेने पुढे आले आहे, आणि माझं मत ठाम आहे: हे शब्द कामाच्या क्रमाने शिकावेत. आधी कापड हातात येतं, मग मापं, मग पॅटर्न (म्हणजे कापायच्या भागांचे आखलेले कागद), मग कापणी आणि शिलाई. शब्दही याच क्रमाने घ्या आणि प्रत्येक शब्दाबरोबर हाताने एक छोटं काम करा. एकाच शब्दाला दोन अर्थ असतात तिथे मी मुद्दाम जास्त वेळ थांबले आहे, कारण कापड वाया जातं ते बहुतेक वेळा तिथेच.

आधी जवळ काय असावं

- उसवायला चालेल असा एक जुना, पूर्ण बाह्यांचा कॉलरवाला शर्ट
- सीम रिपर (टाके उसवायचं छोटं हत्यार) आणि बारीक टोकाची कात्री
- इंच आणि सेंटीमीटर दोन्ही असलेली टेप, एक लांब पट्टी, टेलरचॉक, टाचण्या
- ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा
- भिंग
- साधं पांढरं सुती कापड आणि दोन वेगळ्या गडद रंगांचे दोरे
- जाड पानांची वही, जिच्यात प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा शिवलेला तुकडा टाचता येईल

ही वही मनापासून करा. 'फ्रेंच सीम' या शब्दाचा लिहून ठेवलेला अर्थ विसरायला होतो. हाताने शिवलेला तुकडा समोर असला की तो विसरत नाही.

१. कापडाचे शब्द

विणलेल्या कापडात दोन दिशांचे धागे असतात. लांबीने जातो तो ताणा, रुंदीने जातो तो बाणा. कापडाच्या दोन्ही कडांना घट्ट विणलेली पट्टी असते, ती किनार, आणि ताणा नेहमी किनारीला समांतर असतो. पॅटर्नवर दोन्ही टोकांना बाण असलेली सरळ रेघ दिसते, ती ग्रेनलाइन. पॅटर्न कापडावर ठेवताना ही रेघ किनारीपासून दोन्ही टोकांना सारख्याच अंतरावर आहे ना, हे टेपने मोजून बघायचं. नुसत्या नजरेवर विसंबू नका. पॅन्टचा पाय गुडघ्याखाली पिळल्यासारखा फिरतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

किनारीशी ४५ अंशांचा कोन करणारी दिशा म्हणजे उरेप. वीस सेंटीमीटरचा चौकोन कापा आणि तो तिन्ही दिशांना ओढून बघा. ताण्याच्या दिशेने तो जेमतेम हलतो, बाण्याच्या दिशेने थोडा जास्त, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढला की चांगला लांबतो आणि मधे अरुंदही होतो. गळ्याला, मुंढ्याला लावायची पट्टी उरेपमध्ये का कापतात, ते इथेच समजतं: ती वळणावर न चुणता बसते. मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझाइनरने १९२० आणि १९३० च्या दशकांत अख्खे ड्रेस उरेपमध्ये कापले आणि कापड अंगाच्या वळणांवर आपसूक बसवलं. असा स्कर्ट कराल तर खालची कड लगेच दुमडू नका. किमान रात्रभर टांगून ठेवा. उरेप स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी. तो उतरला की मगच कड सारखी करा.

आता निट कापड. टीशर्टच्या कापडात ताणा-बाणा नसतो, एकमेकांत अडकलेले फासे असतात, म्हणून ते ताणतं. जर्सी, रिब आणि इंटरलॉक हे त्याचे नेहमीचे प्रकार. इथे पहिली मेख आहे. कच्च्या कडा बांधणाऱ्या मशीनलाही अनेक जण 'इंटरलॉक' म्हणतात. त्या मशीनचं खरं नाव ओव्हरलॉक. कापडाच्या भाषेत इंटरलॉक म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, दुहेरी विणीचं निट. 'इंटरलॉक पाहिजे' असं कोणी म्हटलं तर कापड की कड बांधणं, हे आधी विचारून घ्या.

कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम. घरी काढणं सोपं आहे: बरोबर १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापा, वजन करा, १०० ने गुणा. तुकडा १.२ ग्रॅम भरला तर कापड १२० जीएसएमचं, म्हणजे शर्टाला योग्य. जीन्सचं डेनिम ३०० च्या पुढेही जातं. वजन कळलं की सुई आणि दोरा निवडता येतो, पण तिथे आकड्यांचा मोठा घोळ आहे, तो एकदाच नीट समजून घ्या:

- सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं. त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलीमीटर. १४ हे त्याच सुईचं दुसऱ्या पद्धतीतलं नाव.
- दोऱ्याचा टिकीट नंबर वाढला की दोरा बारीक होतो.
- दोरा टेक्समध्ये सांगितला असेल तर उलट: टेक्स म्हणजे १,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅम, म्हणून आकडा वाढला की दोरा जाड. टिकीट १२० चा दोरा साधारण टेक्स २४ ते २७ च्या घरात येतो.
- सुती धाग्याचा काउंट सांगतात तेव्हा पुन्हा मोठा आकडा म्हणजे बारीक धागा.

सुई घेताना आणखी एक बघा. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा भाग एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मशीनची सुई तिथे पूर्ण गोल असते. नंबर तोच असला तरी एकीची सुई दुसरीला चालत नाही. निटसाठी बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई घ्या. ती फासे तोडत नाही, बाजूला सारते.

मखमल, कॉर्डरॉय अशा कापडांना लव असते. हात एका दिशेने फिरवला की गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने खरखरीत. सगळे भाग एकाच दिशेने कापले नाहीत तर एकाच कपड्यात दोन छटा दिसतात. पॅटर्नवर 'वन वे' असं लिहिलेलं असतं ते यासाठी, आणि अशा वेळी कापड जास्त लागतं.

आकसण्याची चाचणी कधीच टाळू नका. ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, धुवा, वाळवा, मोजा. ४८.५ भरला तर ३ टक्के आकसलं.

२. अंगाचं माप आणि कपड्याचं माप

हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि त्यांच्यातला फरक म्हणजे ईज, ज्याला शिवणकामात सहज लूझिंग म्हणतात. छाती ९२ सेंटीमीटर आणि तयार शर्ट १०० सेंटीमीटर असेल तर लूझिंग ८. यातला काही भाग हालचालीसाठी, श्वासासाठी लागतो. उरलेला डिझाइनचा, म्हणजे कपडा किती ढगळ दिसावा यासाठी. ताणणाऱ्या कापडाचा पोहण्याचा पोशाख अंगाच्या मापापेक्षा लहान कापतात, तिथे लूझिंग उणे असतं. कोणी 'छाती १००' म्हणून सांगितलं की पहिला प्रश्न हाच: अंगाची की कपड्याची?

दुसरा प्रश्न: पूर्ण की अर्धी? कारखान्यात कपडा सपाट पसरून एका बाजूच्या काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजतात, म्हणून कागदावर '१/२ छाती ५०' असं येतं. ही मोजणी कुठे करायची तेही ठरलेलं असतं, अनेकदा मुंढ्याच्या खाली २.५ सेंटीमीटरवर.

कपड्याची लांबी मोजायला एचपीएस हा बिंदू वापरतात. खांदा गळ्याला मिळतो तो सगळ्यात उंच बिंदू. मध्य-पुढा आणि मध्य-पाठ या रेघा सीएफ आणि सीबी अशा अक्षरांनी लिहितात. बाही जिथे बसते ते वळण म्हणजे मुंढा. तो मोजताना टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरून वळणावरून फिरवा, म्हणजे माप खरं येतं. पॅन्टमध्ये इनसीम म्हणजे आतल्या बाजूने आसनापासून खालपर्यंत, आउटसीम म्हणजे कमरेपासून बाहेरच्या बाजूने. राइझ म्हणजे आसनाच्या जोडापासून कमरेपर्यंतची उंची. मागची राइझ पुढच्यापेक्षा जास्त असते, कारण बसल्यावर मागे जास्त कापड लागतं.

३. पॅटर्नवरच्या खुणा

ब्लॉक म्हणजे अंगाच्या मापाचा मूळ कागद, ज्यावर फॅशनचं काहीच नसतं. त्यात बदल करून पॅटर्न निघतो. पट्टीने कागदावर आखून काढणं म्हणजे ड्राफ्टिंग. पुतळ्यावर कापड टाचून आकार शोधणं म्हणजे ड्रेपिंग. स्वस्त कापडात शिवलेला चाचणीचा कपडा म्हणजे टॉइल. एका मापाच्या पॅटर्नवरून बाकीची मापं काढणं म्हणजे ग्रेडिंग. एखाद्या माणसाच्या अंगाला बसवण्यासाठी केलेला बदल तो अल्टरेशन, त्याला ग्रेडिंग म्हणत नाहीत.

खाच किंवा नॉच ही जोडताना दोन भाग जुळवायची खूण. बाहीवर पुढच्या बाजूला एक खाच आणि मागच्या बाजूला दोन, असा रिवाज आहे. पुढची-मागची बाही ओळखायला तोच उपयोगी पडतो. खाच कापताना मायेच्या (अर्थ पुढच्याच परिच्छेदात) अर्ध्याच्या पुढे कात्री नेऊ नका. 'कट ऑन फोल्ड' म्हणजे ती कड दुमडीवर ठेवायची, तिथे कात्री चालवायची नाही.

सगळ्यात महागात पडणारा शब्द म्हणजे माया, शिलाईसाठी रेघेबाहेर सोडलेलं कापड. काही पॅटर्नमध्ये माया धरलेली असते, काहींमध्ये नसते. घरगुती पॅटर्नमध्ये ती बहुधा १.५ सेंटीमीटर असते. कारखान्यात बऱ्याचदा १ सेंटीमीटर आणि गळ्यासारख्या वळणाला त्याहून कमी. माया न धरलेला पॅटर्न जसाच्या तसा कापून १.५ सेंटीमीटरवर शिवला, तर फक्त दोन बाजूंच्या जोडांत चार कडा मिळून ६ सेंटीमीटर घेर कमी होतो. छातीचं लूझिंग जवळजवळ सगळं गेलं. पॅटर्न हातात आला की कापडाला हात लावण्याआधी मायेबद्दल काय लिहिलंय ते शोधा. काहीच लिहिलेलं नसेल तर छातीची ओळ मोजून अंगाच्या मापाशी ताडून बघा.

४. टाका, टीप आणि जोड

आपण सरसकट 'शिलाई' म्हणतो, त्यात तीन गोष्टी असतात. दोरा एकदा अडकतो तो टाका. टाक्यांची रांग ती टीप. दोन कापडं एकत्र येतात ती जागा म्हणजे जोड, सीम. एकाच जोडाला दोन-तीन टिपा असू शकतात आणि जोड नसलेल्या जागीही शोभेची टीप असू शकते. हा फरक पक्का झाला की पुढचं सगळं सोपं जातं. आंतरराष्ट्रीय मानकांतही त्यांची दोन वेगळी दालनं आहेत: टाक्यांचे प्रकार आयएसओ ४९१५ मध्ये, जोडांचे आयएसओ ४९१६ मध्ये.

टाक्यांना तीन आकडी क्रमांक आहेत, आणि कारखान्यात लोक नावापेक्षा क्रमांकच बोलतात. पहिला आकडा वर्ग सांगतो. १०० म्हणजे साखळी टाका, २०० हाताचे टाके, ३०० लॉकस्टिच, ४०० अनेक दोऱ्यांची साखळी, ५०० कड बांधणारे, ६०० वरखाली झाकणारे. सुरुवातीला इतके पुरे:

- ३०१: साध्या मशीनचा टाका, वरून-खालून सारखा
- ३०४: झिगझॅग
- ४०१: वरून सरळ, खालून साखळी, जीन्सच्या लांब जोडांत दिसतो
- ५०४: तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक
- ५१४: चार दोऱ्यांचं ओव्हरलॉक, टीशर्ट याने जोडतात
- ४०६: टीशर्टच्या खालच्या कडेवरच्या दोन समांतर टिपा, आतून जाळी

एखादा टीशर्ट आतून बाहेर काढा आणि ५१४ व ४०६ शोधा. ३०१ ने निट जोडलं तर कापड ताणतं, टाका ताणत नाही, आणि दोरा तुटतो. म्हणून हे वेगळे टाके. दोऱ्याचा खर्चही फार वेगळा आहे. एक मीटर जोडाला ३०१ साधारण अडीच मीटर दोरा घेतो, ५०४ साधारण चौदा मीटर.

मशीनच्या टेन्शनची, म्हणजे दोऱ्याच्या ताणाची, चाचणी दोन रंगांनी करा. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये निळा, खाली पांढऱ्या कापडाचे दोन थर. दहा सेंटीमीटर टीप घाला आणि भिंगातून बघा. वरच्या बाजूला टाक्याच्या मधे निळे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त घट्ट आहे. खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर ते सैल आहे, किंवा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नाही. टेन्शनचा स्क्रू फिरवण्याआधी मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवलं तर चकत्या बंद असतात आणि दोरा वरच राहतो. दोन्ही थरांच्या मधोमध गाठ लपली की ३०१ बरोबर.

टाक्याची लांबी दोन तऱ्हांनी सांगतात. घरगुती मशीनवर मिलीमीटर असतात, कारखान्यात एसपीआय, म्हणजे इंचाला किती टाके. २.५ मिलीमीटर म्हणजे जवळपास १० एसपीआय. एकात आकडा वाढला की टाका मोठा होतो, दुसऱ्यात लहान. 'टाका वाढव' असं कोणी म्हणालं तर लांबी वाढवायची की संख्या, ते विचारा.

आता टिपांची नावं, कामासकट. कच्ची टीप तात्पुरती, नंतर उसवायची. स्टे-स्टिच एकाच थरावर, मायेच्या आत, कापल्यावर लगेच. गळ्याचं वळण हाताळताना ताणू नये म्हणून. एजस्टिच कडेपासून एक-दोन मिलीमीटरवर. टॉपस्टिच कडेपासून थोडी आत, बहुधा ६ मिलीमीटरवर, बाहेरून दिसावी अशीच. बॅकटॅक म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी उलट-सुलट तीन-चार टाके. बारटॅक म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावरची दाट, छोटी पट्टी.

अंडरस्टिच मात्र सविस्तर बघू, कारण कपडा सफाईदार दिसतो तो तिच्यामुळे आणि ती बाहेरून दिसतही नाही. गळ्याला फेसिंग, म्हणजे आत दुमडली जाणारी त्याच आकाराची पट्टी, सुलट्याला सुलटं लावून शिवा. माया कमी करा, वळणावर टिपेच्या दोन मिलीमीटर अलीकडेपर्यंत बारीक चिरा द्या. आता फेसिंग आणि दोन्ही माया एका बाजूला बोटाने दाबा, मूळ कपडा दुसऱ्या बाजूला. फेसिंगच्या सुलट्या बाजूने, जोडापासून दोन मिलीमीटरवर टीप घाला. ती फेसिंग आणि दोन्ही माया यांतून जाते. मूळ कपड्याला लागत नाही. फेसिंग आत दुमडून इस्त्री करा. जोड केसभर आतल्या बाजूला सरकतो आणि फेसिंग बाहेर डोकावत नाही. एक गळा अंडरस्टिच न करता आणि एक करून वहीत शेजारी-शेजारी टाचा.

जोडांमध्ये साधा जोड, फ्रेंच सीम, फ्लॅट फेल आणि बाउंड सीम (कच्ची कड पट्टीने गुंडाळलेला जोड) हे चार आधी शिका. फ्रेंच सीममध्ये आधी उलट्याला उलटं शिवतात, माया बारीक करतात, मग फिरवून पुन्हा शिवतात. कच्ची कड आत बंद होते. पातळ कापडाला उत्तम, जाड कापडाला मुळीच नको. फ्लॅट फेलमध्ये एक माया दुसरीत गुंडाळून सपाट टीप घालतात. जीन्सच्या आतल्या जोडात तो दिसतो. फ्रेंच सीमच्या दोन टिपांची बेरीज तुमच्या मायेएवढीच यायला हवी, नाहीतर माप बदलतं: १.५ सेंटीमीटर मायेत पहिली टीप ०.६ वर आणि दुसरी ०.९ वर.

५. आकार देणारे शब्द

सपाट कापडाला गोलाई देण्याचे चार मार्ग आहेत. डार्ट म्हणजे त्रिकोणी दुमड, एका टोकाला शून्य होणारी. टक म्हणजे समांतर शिवलेली दुमड. प्लीट म्हणजे घडी घातलेली आणि फक्त वरच्या कडेला पकडलेली. चुण्या म्हणजे दोरा ओढून गोळा केलेलं कापड.

मेख अशी की शिवणकामात डार्टला सर्रास 'टक्स' म्हणतात. तोंडी बोलताना काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं. पण पॅटर्नवर किंवा कारखान्याच्या कागदावर 'टक' लिहिलं असेल तर तिथे समांतर घडीच शिवायची. लिहिताना डार्ट आणि टक वेगळेच लिहा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

छातीचा डार्ट उभाराच्या बिंदूपर्यंत नेऊ नका. दोन-अडीच सेंटीमीटर अलीकडे संपवा, नाहीतर टोक निघतं. टोकाला बॅकटॅक न करता दोरे लांब सोडून हाताने गाठ मारा. एकमेकीला लागून पूर्ण खोलीच्या प्लीट घातल्या तर तयार रुंदीच्या तिप्पट कापड लागतं. चुण्यांना दीडपट ते तिप्पट. कापड जितकं पातळ तितकं जास्त घेता येतं.

६. आतले थर

अस्तर वेगळं शिवतात आणि ते आतून सगळे जोड झाकतं. फेसिंग फक्त कडेपुरतं. अंडरलाइनिंग मुख्य कापडाला पाठीमागून जोडून दोन्ही एकच थर समजून शिवतात. कॉलर, कफ, बटणपट्टी यांना ताठपणा देणारा थर घरगुती पॅटर्नमध्ये इंटरफेसिंग, कारखान्यात इंटरलायनिंग, आणि रोजच्या बोलण्यात बकरम. काही घरगुती पॅटर्नमध्ये मात्र इंटरलायनिंग म्हणजे कोटाच्या आतला उबेचा थर. म्हणून शब्दाबरोबर त्याचं काम काय, ते वाचा: ताठपणा की ऊब?

चिकटणाऱ्या थराला फ्यूजिंग म्हणतात. तापमान, वेळ आणि दाब या तीनही गोष्टी बरोबर लागतात. इस्त्री सरकवायची नाही; ठेवायची, दाबायची, उचलायची. गार होईपर्यंत तुकडा हलवू नका. आधी उरलेल्या तुकड्यावर करून, धुऊन बघा. फुगे आले तर कॉलरवरही येतील.

७. कॉलर, बाह्या आणि बाह्यरेषा

सिल्हूट म्हणजे कपड्याची एकूण बाह्यरेषा. ए-लाइन हे नाव ख्रिस्तियाँ दिओर यांच्या १९५५ च्या संग्रहामुळे रूढ झालं. एम्पायर म्हणजे छातीखालीच कंबर धरलेली रेषा. कॉलरमध्ये स्टँड म्हणजे मानेलगतची उभी पट्टी, फॉल म्हणजे त्यावरून खाली वळलेला भाग, आणि जिथे तो वळतो ती रोल लाइन. बाह्यांमध्ये सेट-इन मुंढ्यात बसते, रॅगलनचा जोड काखेपासून थेट गळ्यापर्यंत जातो, किमोनो बाही अंगाबरोबर सलग कापतात. सेट-इन बाहीचा वरचा गोलवा मुंढ्यापेक्षा थोडा मोठा असतो. हे बाहीचं ईज, अंगाच्या लूझिंगशी त्याची गल्लत करू नका. ते चुण्या न पडता जिरवायचं असतं.

बाकीची नावं चित्रं बघूनही कळतात. त्यांच्यावर फार वेळ घालवू नका.

८. टेक पॅक आणि सॅम्पलची भाषा

डिझाइन दुसऱ्याकडून शिवून घ्यायचं तर टेक पॅक, म्हणजे शिवणाऱ्याला द्यायच्या लेखी सूचनांचा संच, लागतो. त्यात हे असावं:

- पुढून आणि मागून फ्लॅट, म्हणजे मॉडेलशिवाय काढलेलं सपाट, प्रमाणबद्ध रेखाचित्र. लांब पायांचं फॅशन इलस्ट्रेशन इथे चालत नाही, त्यावरून कोणी कापत नाही.
- बीओएम: कापड, दोरा, बटण, झिप, लेबल अशा प्रत्येक वस्तूची यादी, जागा आणि प्रमाण
- पीओएम: मापाचे बिंदू, प्रत्येकाचा आकडा आणि टॉलरन्स
- कोणत्या जोडाला कोणता टाका, किती एसपीआय, माया किती
- ग्रेड रूल: एका मापातून पुढच्या मापात प्रत्येक बिंदू किती वाढतो

टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक. छातीला '± १' लिहिलं तर १ सेंटीमीटरचा फरक स्वीकारावा लागेल. इथे '१/२ छाती' लिहिली असेल तर तोच ± १ पूर्ण घेरात ± २ होतो, हे बघूनच सही करा.

रंगाचे दोन शब्द वेगळे ठेवा. लॅब डिप म्हणजे एकरंगी कापडाचा रंगवलेला नमुना. स्ट्राइक-ऑफ म्हणजे छपाईचा. दोन्ही एकापेक्षा जास्त प्रकाशांत बघा, कारण दिवसा जुळलेले दोन रंग दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. सॅम्पलचा नेहमीचा क्रम असा: प्रोटो फक्त कल्पना तपासायला, फिट बसणी तपासायला, साइझ सेट सगळी मापं तपासायला आणि पीपी खऱ्या कापडात, खऱ्या बटणांसह, उत्पादनाआधी. प्रोटोमध्ये रंग चुकीचा म्हणून वाद घालू नका, तो उपलब्ध कापडात शिवलेला असतो. पीपीमध्ये मात्र एक बटणही वेगळं चालवून घेऊ नका. पुढचे सगळे कपडे त्याच्यासारखे निघतात.

९. शर्ट उसवून शब्द तपासा

आता तो जुना शर्ट घ्या. आधी सगळी मापं लिहा आणि फोटो काढा. मग शिवला होता त्याच्या उलट क्रमाने उसवा: बटणं, खालची कड, कफ, मग बाहीपासून कमरेपर्यंत सलग जाणारा जोड, मग मुंढा, मग कॉलर, शेवटी योक, म्हणजे खांद्यावरचा पाठीच्या वरच्या भागाचा तुकडा. कात्री लावून फाडू नका. रिपरने दर तिसरा-चौथा टाका कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा, तो अख्खा निघतो.

प्रत्येक भागावर चॉकने नाव आणि ताण्याची दिशा लिहा. योक आणि कफ पुष्कळदा दुहेरी असतात, कॉलरचे दोन थर आणि मधे इंटरलायनिंग, स्टँडचे दोन. कफाच्या वर बाहीला जी चीर असते तिची पट्टी म्हणजे प्लॅकेट. पुढची बटणपट्टीही प्लॅकेटच, म्हणून 'बाहीचं प्लॅकेट' की 'पुढचं' हे नेहमी जोडून बोला. योकचा ताणा आडवा जातो का ते बघा, अनेक शर्टांत जातो. मग इस्त्री करून भाग कागदावर आखा. माया वेगळी दाखवा. तुमचा पहिला पॅटर्न तयार होतो.

या कामात तुम्हाला नाव माहीत नसलेले दोन-चार तुकडे आणि टिपा नक्की निघतील. जाणकाराला 'ते असं असतं ना' म्हणून हाताने दाखवण्यापेक्षा तीन गोष्टी सांगा: ती जागा कपड्यात कुठे आहे, तिथे किती थर आहेत, आणि सुलट्या बाजूने किती टिपा दिसतात. 'पुढच्या खिशाच्या वरच्या कडेला, तीन थर, बाहेरून एक टीप' एवढं सांगितलं की शिवणारा माणूस लगेच नाव सांगतो, आणि ते का तसं शिवलंय तेही सांगतो. ते नाव त्याच वेळी चॉकने तुकड्यावर लिहून घ्या.